लेकीच्या डब्यात गहू नको, मग काय?

"ताई, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन वर्षं तिचं वजन जागचं हलत नव्हतं, पोट फुगायचं, हिमोग्लोबिन वाढत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी रक्ततपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि सिलिअ‍ॅक निघालं. डॉक्टरांनी गहू जन्मभर बंद सांगितलाय. तब्येत सुधारतेय, पण खाण्याचा प्रश्न सुटत नाही. ग्लूटेन-फ्री आट्याचं अर्ध्या किलोचं पाकीट १८० रुपये, बिस्किटांचा छोटा पुडा १२०. मिस्टरांचा एकट्याचा पगार. गेल्या महिन्यात तिच्या पाकिटांवर साडेचार हजार गेले आणि त्यातलं निम्मं तिने खाल्लंच नाही. भाकरी दिली तर घशाला लागते म्हणते, डबा तसाच परत येतो. सासूबाई म्हणतात, एका घासाने काय होतंय. धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे, तो पोळीच खातो. घरात सगळ्यांनीच गहू सोडायचा का? आणि पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, तिला पावभाजी आणि नूडल्स हवेत. काय करू?"
एक आई, नाशिक

नमस्कार,

आधी त्या साडेचार हजारांचं बघू. तुम्ही दुकानात जाऊन गव्हाची नक्कल विकत आणताय. गव्हासारखा ब्रेड, गव्हासारखी पोळी, गव्हासारखं बिस्किट. पाकिटामागचा मजकूर वाचलात तर आत मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च, तांदळाचं पीठ, साखर आणि तेल एवढंच दिसेल. नक्कल महाग असते आणि पोरांना ती लगेच कळते, म्हणून निम्मं उरतं. हे पैसे पाकिटांवरून काढा आणि तिचं अन्न गव्हापासून वेगळं ठेवण्यावर लावा. खायला काय द्यायचं ते आपल्याकडे ढिगाने आहे. खरी अडचण त्या ढिगात गहू कुठून शिरतो ही आहे.

तो सगळ्यात जास्त शिरतो गिरणीत. तुम्ही ज्वारी घेऊन जाता, तुमच्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू दळून झालेला असतो आणि जात्यात, नळीत, खालच्या कापडी पिशवीत त्याचं पीठ बसलेलं असतं. "ज्वारीवर ज्वारी टाका" असं आपण चवीसाठी सांगतो, पण तिच्यासाठी तेवढं पुरणार नाही. सिलिअ‍ॅकमध्ये रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन (गव्हातलं प्रथिन) पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते हे अभ्यासात दिसलेलं आहे. एवढं ग्लूटेन अर्ध्या ग्रॅम कणकेत असतं. अर्धा ग्रॅम म्हणजे एक चिमूट. गिरणीच्या नळीतून त्याहून जास्त येतं.

यावर चांगला उपाय म्हणजे घरघंटी. पंधरा-वीस हजारांच्या घरातली वस्तू आहे, मला कल्पना आहे. पण तुमच्या आत्ताच्या हिशेबाने ती चार-पाच महिन्यांत फिटते आणि पुढे दहा वर्षं चालते. एकच अट: तिच्यात गव्हाचा दाणा कधीही टाकायचा नाही. पाहुणे आले, गिरणी बंद आहे, दिवाळी आहे, तरी नाही. जुनी घेणार असाल तर तिने आजवर गहूच दळलेला असणार, म्हणून ती टाळा.

लगेच जमणार नसेल तर मधल्या काळासाठी दोन वाटा आहेत. एक, ओलं वाटण. आंबोळी, घावन, इडली, डोसा, अप्पे, मुगाची धिरडी यांना गिरणी लागतच नाही. तांदूळ-डाळ धुतली, भिजवली, मिक्सरला लावली की झालं. नाश्ता आणि एक वेळचं जेवण यातच निघतं. दुसरी वाट उपासाच्या फळीवरची. वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा. वरी आणि साबुदाणा मिक्सरवर सहज बारीक होतात. उपासाचं दळण आपण किती जपतो! धान्याचा कण लागू नये म्हणून वेगळा डबा, वेगळी चाळणी, गिरणीवाल्याला चार वेळा बजावणं. तुमच्या सासूबाईंना ही शिस्त तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. नातीचं दळण रोजच उपासाचं आहे असं त्यांना सांगून बघा.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. "एका घासाने काय होतंय" हे त्या मायेने म्हणतात, आणि घास खाल्ल्यावर पोर लगेच आजारी पडली नाही की त्यांना वाटतं, बघा, काही झालं नाही. इथेच फसगत होते. ही शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीसारखी ताबडतोब सूज आणणारी गोष्ट नाही. गहू, सातू आणि राय (हे परदेशी धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांमधल्या ग्लूटेनमुळे शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे बारीक अंकुर झिजतात. दुखलं नाही तरी झीज होतेच. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. तिची दोन वर्षं अशीच गेली. आणि हे हल्लीचं फॅडही नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला या आजारात गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा एरवी खंगत चाललेली ही मुलं उपासमारीच्या दिवसांतही सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला. औषध आजही तेच आहे: गहू बंद. पुढच्या तपासणीला सासूबाईंना डॉक्टरांकडे सोबत न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात घरोघरी किती फरक पडतो ते मी काय सांगू.

आता भाकरी घशाला का लागते? बहुतेक वेळा पीठ जुनं असतं. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते आणि गार झाल्यावर कडक होते. दळण आठ-दहा दिवसांपुरतंच करा. बाजरीचं तर त्याहून कमी, ते कडू पडतं. शिवाय डब्यासाठी थापलेली भाकरी देऊच नका, उकडीची द्या. एक वाटी पाणी, चवीला मीठ आणि चमचाभर तेल उकळायला ठेवा. खळखळलं की एक वाटी ज्वारीचं पीठ घाला, उलथन्याच्या टोकाने हलवा, गॅस बंद करून झाकून ठेवा. पाचेक मिनिटांनी परातीत काढून, हाताला सोसेल इतकं गरम असतानाच ओल्या हाताने चांगलं मळा. गोळा लोण्यासारखा मऊ व्हायला हवा, आणि भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून आणखी मळा. मग पोळीसारखी लाटा, वरून पीठ ज्वारीचंच. कडा फाटल्या तर डब्याच्या झाकणाने गोल कापा. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून आचेवर धरली की टम्म फुगते. तूप लावून, घडी घालून फडक्यात गुंडाळा. दुपारच्या सुट्टीपर्यंत मऊ राहते, गुंडाळी करून आत बटाट्याची भाजी किंवा चटणी-पनीर भरता येतं. असंच तांदळाचं करा, नाचणीचं करा. पहिले दोन दिवस आकार नकाशासारखे येतील, येऊ द्या.

ज्वारी घेताना सुटीच घ्या, पण निवडून घ्या. पोत्यात गव्हाचे चुकार दाणे असतात. ताटात पसरून निवडायची, धुवायची, कडक वाळवायची, मग दळायची. फेब्रुवारी-मार्चात रब्बीची नवी ज्वारी येते तेव्हा वर्षाची भरलीत तर दरही बरा मिळतो. सोलापूर, मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर तीच घ्या, भाकरी गोड लागते. सोलापुरी कडक भाकरी कधी आणली नसेल तर आणा. महिनोन्महिने टिकते आणि प्रवासात दह्याबरोबर चुरून खाल्ली की जेवण होतं. फक्त बनवणाऱ्यांकडे त्याच जागी गव्हाचं काही होत नाही ना, एवढं विचारून घ्या. तांदूळ तर रेशनवरही मिळतो, त्याचं काय सांगायचं.

वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या काही गोष्टींकडे मात्र लक्ष द्या. पहिला नंबर हिंगाचा. डबीतला हिंग हा शुद्ध हिंग नसतो. तो डिंकात आणि पिठात मिसळलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा मैदा नाहीतर कणीक असते. रोजच्या प्रत्येक फोडणीत तो पडतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, पाकीट वाचून घ्या, नाहीतर खडा हिंग आणा. मग मेतकूट. त्यात परंपरेने मूठभर गहू असतोच, म्हणून घरी गव्हाशिवाय करा, चवीत काही अडत नाही. थालीपिठाच्या भाजणीचंही तेच. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, म्हणून बाद, पण साबुदाण्याच्या पापड्या आणि तांदळाचे पापड चालतात. खान्देशातल्या ज्वारीच्या बिबड्या मिळाल्या तर उत्तम. सातूचं पीठ नको. दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींमध्ये माल्ट असतं, ते सातूचं, तेही नको. मक्याचे कॉर्नफ्लेक्ससुद्धा माल्ट घातलेले असतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. बेसनाच्या लाडवात काही बायका रवा घालतात, शेजारून ताट आलं तर विचारा. ओट्समध्ये गव्हाची भेसळ जवळजवळ ठरलेली असते. खास ग्लूटेन-फ्री छापलेले ओट्सही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

आणि खपली. "खपलीत ग्लूटेन नसतं" असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल, अगदी छातीठोकपणे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असतंच. "मल्टिग्रेन" आटा म्हणजे बहुतांश गहू. "नाचणी बिस्किट" म्हणजे बहुतांश मैदा किंवा कणीक आणि नावापुरती नाचणी. पुढच्या बाजूच्या चित्रावर जाऊ नका, मागचं बारीक वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ग्लूटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. आणि गहू वगैरे असेल तर अ‍ॅलर्जीच्या सूचनेत ते लिहिणं बंधनकारक आहे. तांदळाचं पीठ, बेसन असल्या साध्या गोष्टी तयार घेताना ही ओळ आधी शोधा.

घरात सगळ्यांनी गहू सोडायची गरज मला वाटत नाही. काही घरांत तसं करतात, सोपं पडतं हे खरं. पण तुमच्याकडे धाकटा आहे, सासूबाई आहेत, आणि पोळी बंद झाल्याचा राग नकळत त्या पोरीवर निघेल. माझं मत असं: रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकच आणि बिनगव्हाचं. भात-आमटी, भाकरी-पिठलं, कधी डोसे, कधी खिचडी-कढी. त्या ताटावर ती वेगळी नसते. सकाळी पोळ्या करायच्या तर आधी तिचा स्वयंपाक उरका, झाका, आणि मग कणीक बाहेर काढा. लाटताना उडणारं पीठ ओट्यावरच्या सगळ्यावर बसतं. तिचं पोळपाट-लाटणं वेगळं हवंच, कारण लाकडाच्या भेगांतलं पीठ निघत नाही. तवा वेगळा, चाळणी वेगळी, भाकरीचा डबा वेगळा. स्टीलची भांडी स्वच्छ घासली की पुरे. लोणी आणि जॅमची बाटली तिची निराळी ठेवा, कारण पोळीला लावलेला चमचा पुन्हा बाटलीत जातोच. आणि तळणीचं तेल! ज्यात पुऱ्या किंवा शंकरपाळे तळले त्यात तिचे पापड नकोत. बाहेर वड्याच्या गाडीवर बटाटेवडा बेसनाचा असला तरी त्याच कढईत समोसे पडत असतात. तुमच्या नाशकात मिसळ टाळणं अवघड, मला ठाऊक आहे. रस्सा आणि उसळ घरची करा, वर घरची बेसनाची शेव घाला (बाजारच्या फरसाणात मैदा असतो) आणि पावाऐवजी घावन द्या.

वाढदिवसाकडे वळू. नूडल्स आधी, कारण ते आपल्याकडे आहेतच. कोकणात शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, गोळे करून उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच सोऱ्यातून शेवया पाडायच्या. तिकडे नारळाच्या गोड रसात खातात. तुम्ही त्या पूर्ण गार होऊ द्या, तेलाचा हात लावा आणि मोठ्या आचेवर लसूण, कोबी, गाजर, ढोबळी मिरचीबरोबर परता. सोया सॉसऐवजी व्हिनेगर, मिरपूड, थोडी साखर आणि घरचीच लाल मिरचीची चटणी. सोऱ्या फिरवायचं काम वाढदिवसाच्या मुलीलाच द्या. गोळा गरम असतो, तेव्हा धरायला मोठं माणूस हवं, एवढंच. पावभाजीत भाजी निर्धोक आहे, मसाल्याचं पाकीट मात्र वाचा. पावाऐवजी छोट्या जाड आंबोळ्या करा, लोण्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून. गोव्यातले तांदळाचे सान्नां तर भाजी टिपायला पावाहून चांगले, करणारं कुणी ओळखीचं असेल तर मागवा. केक नाचणी आणि तांदळाच्या पिठाचा, कुस्करलेलं पिकलं केळं आणि चमचाभर इसबगोल घालून. ग्लूटेन नसल्याने केक भुसभुशीत होतो, तो इसबगोलाने धरला जातो. बेकिंग पावडरही ग्लूटेन-फ्री आहे ना बघा. आणि हे सगळं आलेल्या सगळ्या मुलांना वाढा. "हिचं वेगळं" असं त्या दिवशी काही असू नये.

दुसऱ्यांच्या वाढदिवसाला जाताना तिचा डबा तिच्याबरोबर आणि आदल्या दिवशी त्या आईला फोन. शाळेत वर्गशिक्षिकेला डॉक्टरांचं पत्र देऊन ठेवा, म्हणजे कुणी प्रेमाने बिस्किट भरवणार नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्याला हात जोडायचे आणि केळं घ्यायचं. मुलीला "नको" म्हणायला शिकवा, आणि ती म्हणाली की मोठ्यांनी आग्रह करायचा नाही, हे घरातल्या मोठ्यांना शिकवा.

मधल्या वेळेसाठी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची आणि राजगिऱ्याची चिक्की, भाजलेले शेंगदाणे, लाह्या, पोह्यांचा चिवडा. हिमोग्लोबिनचं म्हणालात म्हणून अळिवाचे लाडू, ओलं खोबरं आणि गूळ घालून. जेवणात लिंबू पिळायची सवय लावा, लोह शोषलं जायला मदत होते. अर्थात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्यांच्या ऐवजी नव्हे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट, तेव्हा नाचणीची आंबील किंवा सत्त्व तिच्या ताटात हवंच. दूध प्यायल्यावर अजून पोट फुगत असेल तर घाबरू नका. अस्तर भरून येईपर्यंत काही मुलांना दूध पचत नाही, ताक-दही चालतं, आणि पुढे दूधही बहुधा चालू लागतं. साबुदाण्यावर फार भिस्त ठेवू नका, त्यात पिष्टाशिवाय फारसं काही नाही. मुलीचा जीव वाढीचा आहे, डाळी, उसळी, दही, खात असाल तर अंडी-मासे, हे रोज हवं.

पाकिटं अजिबात आणू नका असं मी म्हणणार नाही. महिन्याला एखादा ग्लूटेन-फ्री पास्ता, सहलीच्या दिवशी बिस्किटांचा एक पुडा, एवढं असू द्या. चैन म्हणून आणलेली वस्तू पोरं संपवतात.

शेवटी धाकट्याचं. सिलिअ‍ॅक घराण्यात चालतं. सख्ख्या भावंडांना आणि आईवडिलांना असण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास असते, आणि लक्षणं नसतानाही ते असू शकतं. त्याची, तुमची आणि मिस्टरांची ऊतक ट्रान्सग्लुटामिनेजची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या. कागदावर ते टीटीजी-आयजीए असं लिहितात. ती होईपर्यंत त्याची पोळी चालू ठेवा. गहू बंद करून रक्त दिलं तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही.